आधी सतरंज्या उचला: अ‍ॅन आर्बरला नव्याने आलेल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी

दर ऑगस्टला पुण्या-नाशकाकडच्या कुणाचा तरी फोन येतो. बँकेचं खातं, सिमकार्ड, गव्हाचं पीठ कुठे मिळतं, हे सगळं विचारून झालं की शेवटी जरा चाचरत प्रश्न येतो, "ताई, डायगवर काहीतरी आंदोलन चाललेलं दिसलं. आपण गेलेलं चालतं का?"

चालतं. जावंच. पण जाण्याआधी आणि गेल्यावर काय करायचं ते नीट माहीत असायला हवं. मी 2013 च्या ऑगस्टमध्ये मिशिगन विद्यापीठात आले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अ‍ॅन आर्बरसारख्या विद्यापीठाच्या गावात चळवळ दर चार वर्षांनी सगळं विसरते. पोरं पदवी घेऊन जातात, प्रशासन तिथेच असतं. "विचार करू", "समिती नेमू" म्हणत दोन सत्रं काढली की मागणी करणारेच गावात उरत नाहीत. त्यामुळे नव्या माणसाने करण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम घोषणा देणं हे नाही. आठवण टिकवणं हे आहे.

पहिल्या महिन्यात: गाव पायी बघा

डायग म्हणजे मुख्य आवारातलं ते मोकळं चौकासारखं मैदान, मधोमध जमिनीत पितळी 'एम' बसवलेला. निदर्शनं बहुतेक इथेच होतात. ते तुम्हाला पहिल्याच आठवड्यात दिसेल. जे दिसत नाही त्यासाठी केरीटाउनकडे चालत जा.

आज तिथे शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, महागडी दुकानं आहेत, घरभाडं ऐकून घाम फुटतो. काही दशकांपूर्वी हीच अ‍ॅन आर्बरमधली कृष्णवर्णीयांची वस्ती होती. तिथल्या जोन्स शाळेत बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय होती, कारण इतर भागांत त्यांच्या आईवडिलांना घरंच मिळत नव्हती. 1965 मध्ये ती शाळा बंद केली आणि मुलांना गावभरच्या शाळांत वाटून टाकलं. इमारत अजून उभी आहे, 1972 पासून तिथे कम्युनिटी हायस्कूल भरतं. समोर उभं राहून पाच मिनिटं बघा. वस्तीचं काय झालं, हे भोवतालच्या घरांकडे बघून कळतं.

घरं का मिळत नव्हती? खरेदीखतातच तशी अट असायची: या जागेत कॉकेशियन वंशाखेरीज कुणी राहू नये, घरगडी म्हणून राहिला तर चालेल. 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची न्यायालयाकरवी अंमलबजावणी करायला मनाई केली, पण कागदावर त्या तशाच राहिल्या. आमच्याच विद्यापीठातले लोक 'जस्टिस इनडीड्स' नावाच्या प्रकल्पात वॉशटनॉ परगण्यातली जुनी खतं शोधून नकाशावर मांडतात. तुम्ही भाड्याने घेतलेल्या घराची वसाहत त्यात आहे का ते बघा. मी बघितलं होतं. त्या संध्याकाळी स्वयंपाक करताना भिंतींकडे वेगळ्याच नजरेने बघत होते.

मग एखाद्या रविवारी 4 नंबरच्या बसने शेजारच्या इप्सिलँटी गावाला जा. विद्यार्थी ओळखपत्रावर बस फुकट आहे. वॉशटनॉ अव्हेन्यूवरून बस सरळ पूर्वेला जाते आणि अर्ध्या-पाऊण तासात दुकानं, घरं आणि बसमधले चेहरे बदलत जातात. हा प्रवास एकदा केला की सभेत कुणी "अ‍ॅन आर्बर पुरोगामी आहे" म्हणालं तर मान डोलवण्याआधी तुम्ही थांबाल.

तारखा पाठ करा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण टाळू नका.

1970 च्या मार्चमध्ये 'ब्लॅक अ‍ॅक्शन मूव्हमेंट', थोडक्यात बॅम, या विद्यार्थी आघाडीने जवळजवळ दोन आठवडे विद्यापीठ संपावर नेलं. मुख्य मागणी होती की विद्यार्थ्यांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण 10 टक्के व्हावं. वर्ग ओस पडले, गोरे विद्यार्थी आणि काही प्राध्यापकही सामील झाले, आणि शेवटी रिजंट्सनी, म्हणजे विद्यापीठाच्या नियामक मंडळाने, 1973-74 पर्यंत 10 टक्क्यांचं उद्दिष्ट मान्य केलं. ते गाठलं गेलं नाही. 1975 मध्ये दुसरं बॅम झालं. 1987 मध्ये वसतिगृहात वंशद्वेषी पत्रक सरकवलं गेलं, विद्यार्थी रेडिओवर गलिच्छ विनोद झाले, आणि तिसरं बॅम उभं राहिलं. तेव्हा वाटाघाटींसाठी नागरी हक्कांचे नेते जेसी जॅक्सन गावात आले होते. जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग दिनाला वर्ग नसतात आणि दिवसभर व्याख्यानं असतात. ती सुट्टी लाँड्रीसाठी वापरण्याआधी हे आठवा. त्यामागे या पोरांचा रेटा आहे.

2006 मध्ये मिशिगनच्या मतदारांनी 'प्रपोझल 2' मंजूर केलं आणि सरकारी विद्यापीठांना प्रवेशात वंशाचा विचार करायला बंदी झाली. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं प्रमाण घसरत 4-5 टक्क्यांवर आलं, आणि हे राज्य असं की ज्याच्या लोकसंख्येत ते सुमारे 14 टक्के आहेत, डेट्रॉइट तासाभराच्या आत आहे.

मी आले त्याच वर्षी, नोव्हेंबर 2013 मध्ये, ब्लॅक स्टुडंट युनियनने 'बीइंग ब्लॅक अ‍ॅट यू ऑफ एम' अशी हाक ट्विटरवर दिली आणि वर्गात, वसतिगृहात, रस्त्यात काय सोसावं लागतं ते शेकडोंनी लिहिलं. जानेवारी 2014 मध्ये किंग दिनाला हिल ऑडिटोरियमच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी सात मागण्या वाचल्या आणि सात दिवसांची मुदत दिली. त्यातली एक होती, कृष्णवर्णीयांचं प्रमाण 10 टक्के करा. चव्वेचाळीस वर्षांनी तोच आकडा. दुसरी मागणी होती, ट्रॉटर हे बहुसांस्कृतिक केंद्र आवारापासून दूर, मोडकळीला आलेल्या घरात आहे, ते मध्यवर्ती जागी आणा. ती पूर्ण झाली. स्टेट स्ट्रीटवरची नवी ट्रॉटर इमारत 2019 मध्ये उघडली. ज्यांनी ती मागितली त्यातले जवळजवळ सगळे तोवर गाव सोडून गेले होते. तिथल्या उबदार खोलीत बसून अभ्यास कराल तेव्हा त्यांची आठवण ठेवा.

2022 मध्ये ब्लॅक स्टुडंट युनियनने पुन्हा मागण्या मांडल्या, त्याही त्या चार टक्क्यांवरच बोट ठेवून. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या देशात वंशाधारित प्रवेशविचार बंद केला. मार्च 2025 मध्ये आमच्या विद्यापीठाने विविधता आणि समावेशनाचं मध्यवर्ती कार्यालयच गुंडाळलं. तुम्ही अशा वेळी येता आहात.

हे वाचायचं कुठे? नॉर्थ कँपसवर बेंटली ऐतिहासिक ग्रंथालय आहे, तिथे बॅमची मूळ पत्रकं, फोटो, कागद हातात घेऊन बघता येतात. पेन नेऊ नका, पेन्सिल न्या. हॅचर ग्रंथालयात 'लॅबडी' (Labadie) नावाचा संग्रह आहे, जगभरच्या चळवळींच्या कागदांचा. आणि 'मिशिगन डेली' या विद्यार्थी दैनिकाचे जुने अंक घरबसल्या चाळता येतात.

हे म्हणजे आरक्षण नव्हे

आपल्याकडून आलेली मुलं पहिल्याच चर्चेत इथे घसरतात. अमेरिकेत जागा राखून ठेवण्याची पद्धत 1978 मध्येच न्यायालयाने विद्यापीठांना बंद केली. त्यानंतर जे होतं ते एवढंच, की अर्ज तपासताना इतर गोष्टींबरोबर वंशाचाही विचार करता येत असे. 1970 चे 10 टक्के हेसुद्धा उद्दिष्ट होतं, राखीव जागा नव्हेत. तेव्हा आपले गावाकडचे राग, कुणाला किती मार्कांवर प्रवेश मिळाला याचे हिशोब, ते इथे आणून ओतू नका. समोरच्याला त्यातलं काही लागू नसतं, आणि तुमचं मन मात्र उघडं पडतं.

आता आपलं स्वयंपाकघर

हे लिहिताना मला अजून शरम वाटते. माझ्या पहिल्या सत्रात आम्ही चार मराठी मुली एका घरात होतो. घर बघायचं ठरत होतं तेव्हा एका सीनियरने सांगितलं, "तिकडे नको घेऊस गं, कल्लू राहतात." आम्ही चौघींनी माना डोलवल्या. कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बारीक केला, विषय पुढे गेला. मी काहीच बोलले नाही. त्यानंतर महिन्याभराने मी मैदानावर वंशभेदाविरुद्धचा फलक धरून उभी होते.

तर चौथं काम हे. तो शब्द आपल्या घरातून काढा. "त्यांना मराठी कळत नाही" ही सबब नको. पोरांच्या ग्रुपवर कुणी लिहिलं तर तिथल्या तिथे लिहा, "हा शब्द नको." एवढंच. भाषण नको. पहिल्यांदा सगळे गप्प होतील, दुसऱ्यांदा कुणीतरी तुमच्या बाजूने लिहील. मग काय म्हणायचं? इंग्रजीत ब्लॅक किंवा आफ्रिकन-अमेरिकन, माणूस स्वतःला जे म्हणवतो ते. मराठीत कृष्णवर्णीय. 'निग्रो' हा आपल्या जुन्या पुस्तकांतला शब्द आज इथे चालत नाही.

आणि गोरेपणाची क्रीम, लग्नाच्या जाहिरातीतला 'गोरी, सुस्वरूप', काळ्या मावशीला लहानपणी मारलेल्या हाका, हे सगळं सामानातून आपल्याबरोबर आलेलं असतं. ते उघडून बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

आपण इथे कशामुळे आलो हेही ठाऊक असू द्या. 1923 मध्ये भगतसिंग थिंड या शीख माणसाच्या नागरिकत्वाचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला. आपण उच्च जातीचे आर्य, म्हणून गोरे, असा त्याच्या बाजूचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. 1946 मध्ये भारतीयांना दार किलकिलं झालं, ते वर्षाला 100 जणांपुरतं. खरं दार उघडलं 1965 च्या कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने तापवलेल्या त्या वर्षांतलाच. मार खाल्ला, तुरुंगात गेले ते कृष्णवर्णीय. त्यांनी उघडलेल्या दारातून आपले काका-मामा इंजिनिअर होऊन आत आले.

पहिली सभा

संघटनेच्या सभा बहुतेक संध्याकाळी सातनंतर असतात, पिझ्झा असतो, आणि सुरुवात नाव सांगण्यापासून होते. काही सभा फक्त कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी असतात. पत्रकावर तसं लिहिलेलं असतं. तिथे जाऊ नका आणि वाईटही वाटून घेऊ नका. घरातल्या माणसांना घरातलं बोलायला एक खोली लागते.

सगळ्यांसाठी खुल्या सभेत गेलात तर पहिले तीन वेळा ऐका. आपल्याला सवय असते हात वर करून गांधी, आंबेडकर, 'आमच्याकडेही असंच' हे सांगायची. थांबा. फेब्रुवारी 2014 मध्ये शापिरो ग्रंथालयात रात्रभर बोलण्याची सभा झाली होती. मी रात्री उशिरा गेले आणि जमिनीवर जागा मिळेल तिथे बसले. एकामागून एक मुलं माइकपाशी येऊन सांगत होती की प्रकल्पासाठी गट पाडताना आपल्याशेजारी कसं कुणी येऊन बसत नाही. मला माझा वर्ग आठवला. मीही बसले नव्हते. त्या रात्री मी एक शब्द बोलले नाही आणि तेच बरोबर होतं.

मग करायचं काय? आपल्याकडे शब्द आहे, सतरंज्या उचलणे. तेच. खुर्च्या लावा, पिझ्झ्याची खोकी कचऱ्यात टाका, फलकाचे पुठ्ठे रंगवा, गाडी असेल तर लोकांना घरी सोडा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इतिवृत्त लिहा. कुणी कधी काय म्हणालं, प्रशासनाच्या कुठल्या अधिकाऱ्याने कुठल्या तारखेला काय कबूल केलं, पुढची बैठक कधी. हे काम कुणालाच नको असतं, म्हणून नव्या माणसाला लगेच मिळतं. मी सगळं वहीत लिहायचे आणि त्याच रात्री टाइप करून पाठवायचे. दोन महिन्यांनी प्रशासनाबरोबरच्या एका बैठकीत "असं आम्ही म्हणालोच नव्हतो" असं उत्तर आलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तारीख वाचून दाखवली. समोरचा माणूस काही क्षण गप्प बसला, मग म्हणाला, ठीक आहे, पुढे जाऊ.

पीएचडीला असाल तर पदव्युत्तर कर्मचाऱ्यांच्या संघटनेचीही, म्हणजे जीईओची, ओळख करून घ्या. सप्टेंबर 2020 मध्ये त्यांनी केलेल्या संपात कोविडच्या सुरक्षिततेबरोबर आवारातल्या पोलिसांबद्दलच्या मागण्याही होत्या. पगार आणि वंशन्याय एका पत्रकात कसे येतात, हे तिथे शिकायला मिळतं.

मोर्चा, पोलीस आणि व्हिसा

हा भाग दोनदा वाचा.

आपल्याकडे जेलभरोत नाव नोंदवणं हा मान असतो. इथेही ठरवून अटक करून घेणारे नागरिक विद्यार्थी असतात आणि मला त्यांचा आदर आहे. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर ते तुमचं काम नाही. अटक झाली आणि पुढे आरोपसुद्धा लागला नाही, तरी पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात "तुम्हाला कधी अटक झाली होती का" या प्रश्नापुढे 'हो' लिहावं लागतं. एप्रिल 2025 मध्ये देशभर हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या, विद्यार्थी म्हणून इथे राहण्याच्या सरकारी नोंदी सरकारने अचानक रद्द केल्या. कित्येकांचा गुन्हा म्हणजे जुनी वाहतुकीची केस किंवा निकाली निघालेलं प्रकरण होतं. आपल्या मिशिगन राज्यातल्या चार विद्यार्थ्यांनी, त्यात एक भारतीय, नागरी हक्क संघटनेच्या वकिलांमार्फत न्यायालयात दाद मागितली. त्याच महिन्याअखेर सरकारने त्या नोंदी पूर्ववत करायला घेतल्या. त्याआधी मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या एका तुर्की विद्यार्थिनीला भर रस्त्यात ताब्यात घेऊन लुईझियानात सहा आठवडे डांबलं होतं. तिने विद्यार्थी दैनिकात इतरांबरोबर एक लेख लिहिला होता. तेव्हा "मी तर फक्त लिहितो" ही ढालसुद्धा पुरी पडेलच असं नाही.

भाषणस्वातंत्र्य इथे नागरिक नसलेल्यांनाही आहे, हे खरं. पण व्हिसा देणं-काढणं हा वेगळा दरवाजा आहे आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवा.

म्हणून जाण्याआधी: निदर्शनाला परवानगी आहे का, जागा कुठली, किती वाजेपर्यंत, हे आयोजकांना विचारा. पदपथ आणि मैदान ठीक, रस्ता अडवणं, इमारतीत ठिय्या आणि तंबू नाही. एक सोबती ठरवा, जो तुम्ही घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत झोपणार नाही. अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने आपली नोंदणीची कागदपत्रं जवळ बाळगावीत असा कायदा आहे, तेव्हा आय-94 ची, म्हणजे देशात प्रवेश केल्याच्या नोंदीची, प्रत खिशात ठेवा. मूळ पासपोर्ट कुठे ठेवायचा हे वकिलाला विचारा. वकिलाचा नंबर पेनाने हातावर लिहा, कारण फोन काढून घेतला तर पाठ असलेले नंबर आईचा आणि स्वतःचा, एवढेच असतात. फोन चेहऱ्याने किंवा बोटाने उघडणारा ठेवू नका, आकडे टाका.

पोलिसांनी जमाव पांगवायचा हुकूम दिला की निघा. पहिल्या हुकमाला. मागे वळून फोटो काढत बसू नका. थांबवलं तर शांतपणे विचारा, "मी जाऊ शकतो का?" हो म्हणाले तर चालू लागा. नाही म्हणाले तर नाव सांगा आणि म्हणा की मला गप्प राहायचं आहे, मला वकील हवा आहे. खोटं बोलू नका, वाचल्याशिवाय कशावर सही करू नका.

आणखी एक. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी केंद्रातली माणसं चांगली असतात, नियम विचारायला तिथेच जा, पण ती विद्यापीठाची नोकर आहेत, तुमचे वकील नव्हेत. वकिली सल्ल्यासाठी विद्यार्थ्यांसाठीचं स्टुडंट लीगल सर्व्हिसेस हे कार्यालय आहे. काही घडायच्या आधी तिथे एकदा जाऊन या. जून 2025 पासून विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करताना समाजमाध्यमांवरची खाती खुली ठेवायला सांगतात, तेव्हा सुट्टीत घरी जाऊन नवा व्हिसा लागणार असेल तर ते तिकीट काढण्याआधी विचारात घ्या.

या सगळ्याने घाबरलात तर ते स्वाभाविक आहे. घरी कर्ज आहे, बाबांनी जमीन गहाण ठेवली आहे, हे मला माहीत आहे. मैदानात न जाताही इतिवृत्त लिहिता येतं, अनुवाद करता येतो, जेवण पोचवता येतं, बेंटलीत बसून जुने कागद शोधता येतात. चळवळीत कुणी तुम्हाला यासाठी भित्रं म्हणालं तर तो माणूस नवखा आहे असं समजा.

जातीचा प्रश्न येईल

कधीतरी कुणीतरी विचारेलच. उत्तर तयार ठेवा, आणि खरं ठेवा. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी 1946 मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. डू बॉइस यांचे कागद आज मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्टला, म्हणजे आपल्यासारख्याच एका विद्यापीठाच्या गावात जपलेले आहेत. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नाव घेतलं ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. हा धागा आपला आहे, पण तो कुठल्या घरातून आलेल्या माणसाने मिरवायचा, हा प्रश्न स्वतःला विचारा. सवर्ण घरातून आला असाल, मी आले आहे, तर आधी हे सांगा की अमेरिकेतल्या भारतीयांमध्ये जात आजही विचारली जाते. ब्रँडाइस विद्यापीठाने 2019 मध्ये, कॅलिफोर्निया स्टेटने आणि ब्राउनने 2022 मध्ये भेदभावविरोधी नियमांत जातीचा उल्लेख घातला. तो दलित विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी भांडून घातला. आपल्या मंडळाच्या गणपतीत आडनाव विचारून गाव आणि मग जात काढणारे काका तुम्हाला भेटतील. त्यांच्यापुढे काय बोलता, यावर मैदानातल्या तुमच्या फलकाचं वजन ठरतं.

थंडी

जानेवारीतला मोर्चा उणे दहा-पंधरा अंशांतही असू शकतो. दोन जोड मोजे, आतून थर्मल, खिशात गरम होणाऱ्या पुड्या. फलक धरायचा असेल तर बोटांचे हातमोजे नकोत, मिटन घ्या. थर्मासमध्ये चहा नेलात तर तुमच्याभोवती आपोआप माणसं जमतात. माझ्या बऱ्याच ओळखी अशाच झाल्या.

जाताना

एप्रिलअखेर परीक्षा संपतात आणि गाव रिकामं होतं. मे महिन्यात, बघायला कुणी नसताना, बरेच निर्णय होतात. उन्हाळ्यात गावात राहणार असाल तर रिजंट्सच्या सभेची विषयपत्रिका वाचत राहा आणि इतरांना कळवा.

पदवीच्या आधी, मार्चमध्येच, दोन धाकट्या मुलांना गाठा. एक पुरत नाही, तो दुसऱ्या विद्यापीठात निघून जातो. त्यांना इतिवृत्तं द्या, ईमेल खात्याचा पासवर्ड द्या, कुठला अधिकारी फोन उचलतो आणि कुठला उचलत नाही ते सांगा. मूळ कागद बेंटलीला देण्याबद्दल संघटनेशी बोला. ते विद्यार्थी संघटनांचे कागद घेतात.

माझ्या तीन वह्या होत्या. दोन संघटनेच्या कपाटात ठेवल्या. तिसरी मी आठवण म्हणून घरी नेणार होते, बॅगेत भरलीही होती. निघायच्या आदल्या रात्री डेट्रॉइटची एक पहिल्या वर्षाची मुलगी दारात आली. तिला 2014 च्या एका बैठकीची तारीख हवी होती. आम्ही दोघींनी वजनकाट्यावर चढवलेली बॅग पुन्हा उघडली, कुकरच्या खालून वही काढली, आणि ती वही तिच्याबरोबर गेली.